खाडीकाठी कुळाचा शोध

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला म्हणजे महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून वर्षातून एकदा तरी पूर्वजांची नावे मोठ्याने उच्चारली जातात. पाटावर बसलेला यजमान वडिलांचे नाव सांगतो, आजोबांचे सांगतो, पणजोबांच्या नावापाशी किंचित अडखळतो आणि माजघराकडे पाहतो. तेथून कोणी वृद्ध स्त्री ते नाव पुरविते. नंतर उपाध्याय पणजीचे नाव विचारतात, आणि येथे मात्र बहुधा सारे घरच स्तब्ध होते. शास्त्राने तीन पिढ्यांची अपेक्षा धरली आहे. शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाची स्मृती त्याही आधी संपते. पणजोबांच्या पलीकडे कोण होते, ते कोठून आले, काय करीत होते, हे जाणण्याची इच्छा पुष्कळांना होते. ती कशी पुरी करावी हे थोड्यांनाच ठाऊक असते.

ही इच्छा सर्व देशांत सारखीच आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन, ईस्टबोर्न यांसारखी समुद्रकाठची शहरे आहेत. उन्हाळ्यात तेथे हवा खावयास येणाऱ्यांची गर्दी होते. त्या गर्दीत अशीही काही माणसे असतात की ज्यांचे लक्ष समुद्राकडे नसून गावच्या चर्चच्या आवारातील झिजलेल्या थडग्यांकडे असते. आपला खापरपणजोबा येथे मासे पकडीत होता की गलबतावर खलाशी होता, हे त्यांना पाहावयाचे असते. त्यांचे काम बरेच सोपे झालेले आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३८ साली, प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम सुटला. १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली, आणि १८४१ पासून खानेसुमारीत घरातील प्रत्येक माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. या तीन साधनांची सांगड घातली की साध्या मजुराच्या घराण्यातही कित्येक पिढ्या मागे जाता येते. तेथेही खिंडारे आहेतच. इंग्लंड व वेल्स यांच्या १९३१ च्या खानेसुमारीचे मूळ कागद १९४२ साली आगीत जळून गेले, आणि त्या वर्षापुरता धागा कायमचा तुटला.

महाराष्ट्रात अशी तयार वही नाही, म्हणून येथे कुळाचा शोध होणे नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. येथे कागदांची उणीव नाही. फरक आहे तो हेतूचा. येथील नोंदी घराण्याची स्मृती राखण्यासाठी झाल्या नाहीत. सारा वसूल करण्यासाठी, शाळेत मूल घालण्यासाठी, तीर्थावर दक्षिणा देण्यासाठी, नाहीतर भाऊबंदांतील तंटा तोडण्यासाठी झाल्या. ज्याला आपले कुळ शोधावयाचे असेल त्याने प्रत्येक कागद कोणी व कशासाठी लिहिला हे आधी ओळखले पाहिजे. मग तोच कागद न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देऊ लागतो.

याचे उदाहरण म्हणून ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याचा मुलूख घेण्यासारखा आहे. माजिवड्याच्या नाक्यावरून निघून हा रस्ता घोडबंदरच्या जुन्या किल्ल्याकडे जातो. डाव्या हातास येऊरचे डोंगर, उजव्या हातास वसईची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, वडवली, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा, गायमुख अशी गावे. भातशेती, मासेमारी आणि मीठ यांवर येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या जगले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली, शहर या बाजूस सरकत गेले, आणि आज शेताच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत राहणारी बहुतेक कुटुंबे देशावरून, कोकणातून, खानदेशातून किंवा परप्रांतातून आलेली. त्यांचे मूळ अन्यत्र. पण इमारतींच्या पायथ्याशी जुनी गावठाणे अजून आहेत. त्यांत आगरी, कोळी यांची घरे आहेत, आणि वर डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत. शोध दोघांनाही करावयाचा आहे, आणि त्याची रीत दोघांनाही एकच लागू पडते.

या पट्ट्यावर राज्ये पुष्कळ झाली, आणि प्रत्येक राज्याने आपले लिखाण मागे ठेविले. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा, ताम्रपट सापडला. त्यात दान देणाऱ्या राजाचे कुळ आहे, तसेच दान घेणाऱ्याचे व त्याच्या पित्याचे नाव आणि गोत्रही आहे. पुढे १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या सिमांव बोतेल्हो नावाच्या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये तेथील गावांच्या उत्पन्नाचा दफ्तरबंद तयार केला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई सर केली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. या उलाढालींत गावातला शेतकरी बहुधा जागचा हलला नाही. बदलली ती त्याचे नाव लिहिणारी लिपी. प्रथम देवनागरी, मग पोर्तुगीज, मग मोडी, मग इंग्रजी.

या प्रदेशातील कुळांची हकीकत कोणी लिहून ठेविलीच नाही, असेही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर ही मुख्यतः कुळांचीच बखर आहे. महिकावती म्हणजे केळवे-माहीम. या बखरीतील सर्वांत जुना भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा असून तो केशवाचार्य नामक पुरुषाचा आहे. परकीय अंमलात लोक आपले कुळ, गोत्र, कुलदेवता विसरत चालले, ते त्यांना पुन्हा सांगावे, म्हणून ही हकीकत सांगितली गेली असे बखर म्हणते. कोणते कूळ कोणत्या गावी वसले, त्याची देवी कोणती, याच्या यादी तीत आहेत. विस्मरणाची भीती पावणेसहाशे वर्षांपूर्वीही होती, हे तीवरून कळते. तथापि बखरीतील आडनाव आणि आजचे आडनाव एक निघाले एवढ्यावरून आजच्या घराचा संबंध पंधराव्या शतकाशी जोडणे धोक्याचे आहे. मधल्या चारशे वर्षांचा पूल बांधल्याशिवाय पैलतीर आपला म्हणता येत नाही.

म्हणून शोधाचा पहिला नियम असा की, आरंभ आपल्यापासून करावा आणि एकेक पिढी मागे जावे. पुष्कळ जण याच्या उलट करतात. इतिहासात आपल्या आडनावाचा एखादा नामांकित पुरुष सापडला की त्याच्यापासून खाली उतरू लागतात, आणि मधली पायरी नसली तर कल्पनेने घालतात. आडनाव हा फार कच्चा पुरावा आहे. पाटील हे मुळात गावच्या वतनाचे नाव. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील पाटिलकीची वतने गेली, पण नाव राहिले. कोलशेतचे पाटील आणि ओवळ्याचे पाटील यांचा रक्ताचा संबंध असेलच असे नाही. दोघांच्या पूर्वजांनी सारा गोळा केला एवढेच त्यावरून निश्चित होते. आडनावापेक्षा कुलदैवत, देवक आणि गोत्र यांची साक्ष अधिक उपयोगी पडते, कारण लग्न जमविताना ती पिढ्यान्‌पिढ्या तपासली जाते. खाडीकाठच्या पुष्कळ आगरी-कोळी घरांची माणसे कार्ल्याच्या एकवीरेला जातात. तेथे कोणत्या भाऊबंदांबरोबर जाण्याची चाल आहे, मान कोणत्या घराचा, हे विचारले तर कागदावर न आलेली शाखा उजेडात येते.

घरातील शोध म्हणजे मुख्यतः वृद्धांशी बोलणे. त्यांना सन विचारून उपयोग होत नाही. नव्वदीला टेकलेल्या आजीला असे विचारावे की, १९४४ साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा ती कोठे होती, स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तिचे लग्न झाले होते काय, आणि तिच्या सासऱ्यांचा जन्म प्लेगच्या आधीचा की नंतरचा. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला. तेवढ्या एका उत्तराने एका पिढीचा काळ ठरतो. सांगणारी व्यक्ती कथेत रमली तर रमू द्यावी, पण ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे लिहून त्याखाली तारीख घालावी. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी असतात. ज्या घरचे लग्न त्या घरची नावे त्या गाण्यात गुंफतात. अशा एखाद्या वृद्ध धवलारणीला साऱ्या गावची नाती तोंडपाठ असतात.

घरातील दुसरा प्रश्न स्त्रियांचा. महाराष्ट्रात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल पुष्कळ घरांत होती. त्यामुळे एकाच स्त्रीची दोन नावे आणि दोन आडनावे होतात, आणि सासरचे नाव उरून माहेरचे बुडते. वंशावळीच्या झाडावर तर तिला फांदीच नसते. तेथे बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू एवढेच. यामुळे केवळ स्त्रियांवर अन्याय होतो असे नाही, शोधही अडतो. ज्याला आपल्या आजीचे माहेर ठाऊक आहे त्याच्यासमोर दुसरे एक घर, दुसरे गाव आणि दुसऱ्या नोंदी उघडतात. ते माहेर खाडीपलीकडे काल्हेर-कशेळीच्या बाजूस निघाले, तर ज्या गोष्टी सासरच्या घरात कोणाला आठवत नाहीत त्या तेथे एखाद्या मामेभावाच्या घरी आठवत असतात.

घरातील माहिती संपली की शाळेकडे वळावे. प्रत्येक प्राथमिक शाळेत मुलांच्या दाखल-खारिजाचे जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे व बापाचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख आणि पूर्वीची शाळा ही रकाने असतात. यातील जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या पिढीतील असंख्य माणसांचा जन्म १ जूनचा आढळतो. त्या दिवशी महाराष्ट्रात इतकी मुले जन्मास आली असे नव्हे. जूनमध्ये शाळा भरते, आणि मास्तरांनी मुलाची उंची पाहून वय ठरवून ती तारीख घातली, एवढाच त्याचा अर्थ. वारली पाड्यांतून वारावरून नाव ठेवण्याची रीत असल्याने सोम्या, बुध्या, शुक्र्या या नावांवरून निदान जन्माचा वार तरी खरा कळतो. गावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, होत असे. जेथे ही वही वाळवीतून वाचली आहे तेथे ती शाळेच्या तारखेहून अधिक भरवशाची ठरते.

यानंतर येते जमिनीचे दप्तर, आणि खाडीकाठच्या घरांचा खरा इतिहास बहुधा येथेच आहे. मराठीत कूळ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वंशाचा आणि दुसरा खंडाने जमीन कसणाऱ्याचा. ज्याला आपले पहिले कूळ शोधावयाचे आहे त्याला पुष्कळदा दुसऱ्या कुळाच्या वहीत ते सापडते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. जमिनीच्या मालकीत झालेला प्रत्येक बदल फेरफाराच्या वहीत क्रमाने लिहिला जाऊ लागला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणाऱ्यांची नावे मालक म्हणून नोंदली गेली. त्या चौकशांत कोणाचा बाप कोणाची जमीन किती वर्षे कसत होता याचे जबाब झाले. असे जबाब म्हणजे साध्या माणसाचे चरित्रच होय.

ही साखळी कशी चालते ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कोलशेतच्या गावठाणातील एका तरुणास आपल्या आजोबांच्या मागचे काही ठाऊक नाही असे समजावे. तो जुना, हाताने लिहिलेला सातबारा उतारा काढतो. त्यात आजोबांचे नाव कंसात गेलेले असते आणि खाली वडिलांचे व चुलत्यांचे नाव आलेले असते. शेजारी एक अंक असतो, तो फेरफाराचा. तो फेरफार काढला असता आजोबा कधी मयत झाले आणि वारस कोण, हे कळते. आजोबांचे नाव प्रथम ज्या फेरफाराने लागले तो त्याच्याही मागचा. त्यात पणजोबांच्या मृत्यूची नोंद असते. आणि मुले त्या वेळी लहान असतील तर त्यांच्या नावापुढे अज्ञान पालक म्हणून आईचे नाव असते. ज्या पणजीचे नाव घरात कोणाला आठवत नव्हते ते तलाठ्याच्या वहीत, साऱ्याच्या हिशेबासाठी, शंभर वर्षे पडून राहिलेले असते. सरकारला तिच्याविषयी आस्था होती म्हणून नव्हे. अल्पवयी मुलांचा सारा कोणाकडून घ्यावयाचा हे ठरवावयाचे होते म्हणून.

या दप्तराच्या खोडीही ओळखून असाव्या. कित्येक ठिकाणी थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकटेच लागलेले असते आणि धाकटे भाऊ कागदावर दिसतच नाहीत. ते निपुत्रिक होते किंवा नव्हतेच, असे त्यावरून समजू नये. मुलींची नावे जुन्या वारसनोंदीत क्वचितच येतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, १९९४ ची महाराष्ट्रातील दुरुस्ती आणि २००५ ची देशभरची दुरुस्ती यांनंतर ती येऊ लागली. आणि आली तरी पुष्कळदा हक्कसोडपत्राच्या निमित्ताने, म्हणजे हक्क सोडताना, आली. वंशावळ करणाराने ते हक्कसोडपत्रही जपून ठेवावे. त्यात बहिणींची, त्यांच्या पतींची आणि त्यांच्या गावांची नावे असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे जावयाचे म्हणजे मोडी आली. मोडी कागदात माणसाची ओळख बापाच्या नावाने पटते, आडनावाने नव्हे. अमुक बिन अमुक म्हणजे अमुकाचा मुलगा. मुसलमान नावांत बहुधा वलद येते. आणि स्त्रीच्या नावापुढे कोम असले तर त्यापुढचे नाव तिच्या नवऱ्याचे. एवढे तीन शब्द ओळखता आले तरी एका कागदातून दोन पिढ्या हाती लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि एका पिढीत घरोघरच्या पेट्यांतील कागद मुके झाले. त्या लिपीची किंमत समाजाला २०२३ साली पुन्हा कळली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्यसरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि गावोगावची जन्ममृत्यूची वही, हक्कनोंदीचे पत्रक, कुळांची नोंदवही, शाळेचे रजिस्टर, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर असे कागद बाहेर काढावे लागले. त्यासाठी मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. राजकीय वाद काहीही असो, ज्या कागदांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांत लाखो घरांचे हित गुंतलेले आहे हे त्या वेळी सर्वांच्या दृष्टीस पडले.

धर्मस्थानांच्या वह्या हे यापुढचे साधन. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. यात्रेकरू आपले, बापाचे, भावांचे व मुलांचे नाव, गाव आणि तिथी त्यांत स्वहस्ते लिहितो किंवा लिहवून घेतो. कोणते गाव व आडनाव कोणत्या उपाध्यायाकडे हे ठरलेले असते. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो; तेव्हा जुन्या सिंहस्थांची वर्षे आधी पाहावी, म्हणजे पाने उलटण्याचा श्रम पुष्कळ वाचतो. अशा वह्यांचे मोल परदेशानेही ओळखले आहे. अमेरिकेतील यूटा येथील वंशशोधक संस्थेने हरिद्वार आदी तीर्थांवरील वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आहेत.

ख्रिस्ती घरांचे साधन चर्चमधील बाप्तिस्म्याची व विवाहाची वही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अशा वह्या ठेवण्याचा नियम केला आणि पोर्तुगीजांबरोबर तो साष्टीत आला. त्या वहीत आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावे असतात. पोर्तुगीज आडनाव आहे म्हणून पोर्तुगीज रक्त आहे असे मात्र नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव घेण्याची चाल होती. या लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले तेच मुळी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीस पन्नास वर्षे झाली तेव्हा. त्यांची बोली मराठी, लग्नातील कित्येक चाली शेजारच्या गावांसारख्या. तेव्हा चर्चची वही संपली की त्यांनाही गावकीच्या स्मृतीकडे यावे लागते. ठाण्यात १८७९ साली बांधलेले बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे. त्यांची आडनावे म्हणजे कोकणचा नकाशाच. केहीमकर म्हटले की किहीम गाव डोळ्यांसमोर येते. या समाजातील हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आपल्या लोकांचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलात गेली. त्यांच्या नातवंडांना आजोबांचे घर शोधावयाचे तर आडनावातील गाव हाच पहिला पत्ता.

शेवटी त्या इंग्लिश समुद्रकाठच्या शोधकाचाही धागा येथवर येऊन पोचतो. मुंबई इलाख्यातील युरोपीय ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ठाण्यात मरण पावलेल्या गोऱ्या शिपायाचा किंवा कारकुनाचा पत्ता त्याच्या वंशजास लंडनमध्ये लागतो; त्याच शहरात, त्याच काळी, किल्ल्याच्या भिंतीसाठी दगड वाहणाऱ्या माणसाचा पत्ता त्याच्या वंशजास ठाण्यातही सहजी लागत नाही. नोंद कोणाची होते आणि कोणाची होत नाही, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही तो यामुळे.

महाराष्ट्रात विसाव्या शतकात पुष्कळ कुलवृत्तांत छापले गेले. ते बहुतांशी लेखणीशी परिचय असलेल्या घराण्यांचे. ओवळ्याच्या शेतकऱ्याचा किंवा बाळकुमच्या कोळ्याचा वृत्तांत कोणी सहसा छापला नाही, आणि येऊरच्या वारल्याचा तर नाहीच. आज मात्र वंशावळीची गरज याच घरांना सर्वांत अधिक आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांस १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांस १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याने तो कोठून आणावा? अशा वेळी चुलतआजोबांच्या शाळेचा एखादा दाखलाही उपयोगी पडतो. पण तो चुलतआजोबा आपलाच, हे दाखविण्यास वंशावळ लागते. नातवाचे शिक्षण अशा रीतीने आजोबांच्या भावाच्या नावावर अवलंबून असते.

आणि या पुराव्याचा जो भाग कागदावर नाही तो वेगाने नाहीसा होत आहे. जमीन विकली गेली की बांध मोडतो, बांधाचे नाव जाते, आणि त्या नावाबरोबर ते कोणाच्या आजोबांनी घातले हेही जाते. जुने घर पाडताना माळ्यावरची पेटी रद्दीत जाते. जमिनीच्या जुन्या नोंदी संगणकावर चढल्या आहेत, त्या बऱ्याच अंशी सुरक्षित झाल्या. परंतु वृद्धांच्या बोलण्याची प्रत कोणत्याही कचेरीत नाही.

म्हणून या शोधाचा क्रम कोणी विचारील तर तो असा सांगता येईल. एक कोरी वही घ्यावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसावे. प्रत्येक पिढीतील पुरुषाचे नाव लिहिले की त्याच ओळीत त्याच्या पत्नीचे सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे गाव लिहावे; प्रत्येक बहीण कोणत्या गावी दिली ते लिहावे; लहानपणीच गेलेली मुलेही गाळू नयेत. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने नावे घालावी. मग शाळा, तलाठी, नगरभूमापन, तीर्थ किंवा चर्च या क्रमाने एकेक नाव पडताळून पाहावे. जेथे दोन स्वतंत्र साक्षी जुळतील तेथे शाई करावी. जेथे एकच असेल तेथे पेन्सिलीवर थांबावे. पूर्वज थोर निघाला नाही तर खंत करू नये. खाजणात बांध घालून भात पिकविणारा, प्लेगात मुले हातची गेलेली, सावकाराला खंड भरून शेवटी १९५७ साली जमिनीचा धनी झालेला माणूस ज्याच्या वंशात निघाला त्याला मिरविण्यास आणखी काही नको.

वहीच्या दोन प्रती कराव्या आणि एक दुसऱ्या शाखेच्या घरी ठेवावी. पुढच्या भाद्रपदात पणजीचे नाव विचारले जाईल, तेव्हा ते सांगणारे घरात कोणीतरी असावे.